ओपन सोर्सला क्रिप्टोतून देणगी: पैसे वाटेत न मुरता कसे पोचवायचे

समजा, पन्नास जणांनी एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पाच्या बिटकॉइन पत्त्यावर प्रत्येकी २,००० सतोशी पाठवले. एका बिटकॉइनचे १० कोटी सतोशी होतात. हिशोब सोपा व्हावा म्हणून बिटकॉइन ८० लाख रुपयांना धरू, म्हणजे सतोशी ८ पैशांना पडला. प्रत्येकाची देणगी १६० रुपये, सगळी मिळून ८,००० रुपये. त्या दिवशी नेटवर्कवर गर्दी होती आणि फीचा दर व्हर्च्युअल बाइटला (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक) २० सतोशी होता. साधा व्यवहार साधारण १४० व्हर्च्युअल बाइटचा असतो, त्यामुळे १६० रुपये पाठवायला प्रत्येकाने २२४ रुपये फी भरली. गोष्ट इथे संपत नाही. बिटकॉइनमध्ये आलेली प्रत्येक रक्कम वेगळं नाणं म्हणून पडून राहते, आणि खर्च करताना दर नाण्यामागे सुमारे ६८ व्हर्च्युअल बाइट मोजावे लागतात. त्याच दराने ते झाले १,३६० सतोशी. म्हणजे २,००० पैकी कामाला आले ६४०, सुमारे ५१ रुपये. पन्नास जणांच्या खिशातून १९,२०० रुपये गेले आणि प्रकल्पाला सर्व्हरचं बिल भरायला मिळाले जेमतेम २,५६०.

कुणी फसवलं नाही, पत्ता चुकला नाही, सगळ्या देणग्या पोचल्या. तरी पैसे मुरले. म्हणून या लेखातला प्रत्येक टप्पा एकाच प्रश्नाने तपासायचा: मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या हातात खर्च करण्याजोगं किती उरणार?

आधी बघा, क्रिप्टो हवं आहे का

प्रकल्प कार्डाने किंवा बँकेतून पैसे घेत असेल आणि तुमचं कार्ड चालत असेल, तर तोच रस्ता धरा. क्रिप्टोचा खटाटोप दोन परिस्थितींत सार्थकी लागतो. एक, कार्ड नाकारलं जातं: ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम लागू झाले आणि परदेशी वर्गण्या आपोआप कापल्या जाणं अनेकांचं बंद पडलं. दोन, मेंटेनर अशा देशात आहे जिथे नेहमीच्या पेमेंट कंपन्या पोचत नाहीत.

घेणाऱ्यालाही हवं असलं पाहिजे. मोझिलाने २०१४ पासून बिटकॉइन घेतलं, पण वीजवापरावरून टीका झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये ते थांबवलं. विकिमीडिया फाउंडेशननेही त्याच वर्षी समुदायाच्या मतानंतर क्रिप्टो देणग्या बंद केल्या. उलट मोठ्या देणग्या पचवलेले प्रकल्पही आहेत: पाइनॅपल फंड या निनावी दात्याने २०१८ च्या सुरुवातीला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला १० लाख डॉलरचं आणि केडीई या लिनक्स डेस्कटॉप प्रकल्पाला २ लाख डॉलरचं बिटकॉइन दिलं. तेव्हा जुन्या ब्लॉगपोस्टमधला पत्ता उचलून पैसे पाठवू नका. प्रकल्पाच्या संकेतस्थळावरचं आजचं देणगीचं पान बघा. तिथे क्रिप्टोचा उल्लेख नसेल तर विचारा, आणि उत्तर आलं नाही तर सोडून द्या. कुणाच्या जुन्या लॅपटॉपमधल्या, किल्ली हरवलेल्या वॉलेटमध्ये गेलेले पैसे कायमचे गेले. (वॉलेट म्हणजे क्रिप्टो सांभाळणारं ॲप, किल्ली म्हणजे ते खर्च करायला लागणारा गुप्त कोड.)

घेणारा नेमका कोण, हेही पाहून ठेवा. निनावी ब्राउझिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टॉर प्रोजेक्टसारखी नोंदणीकृत ना-नफा संस्था असेल तर हिशोब ठेवणारी माणसं असतात. एकट्या मेंटेनरचा पत्ता असेल तर देणगी त्या माणसाला आहे, प्रकल्पाला नाही. त्यात काही वाईट नाही, पण उद्या तो प्रकल्प सोडून गेला तर पैसे त्याच्याबरोबर जातात. मधे निधी सांभाळणारी संस्था असेल तर किल्ली कोणाकडे आहे, ते विचारायला लाजू नका. मोनेरो या नाण्याच्या प्रकल्पाच्या सामुदायिक निधीचं वॉलेट १ सप्टेंबर २०२३ रोजी रिकामं झालं आणि २,६७५ मोनेरोंहून जास्त रक्कम गेली. सुरक्षिततेबद्दल सर्वात जागरूक समजल्या जाणाऱ्या मंडळींचं हे वॉलेट होतं. एकाच्या सहीवर न चालणारं, तिघांपैकी दोघांच्या किल्ल्या लागणारं मल्टिसिग वॉलेट असेल तर मोठी रक्कम निर्धास्तपणे देता येते.

कोणतं नाणं, कोणत्या वाटेने

नवखे लोक सर्वाधिक इथेच चुकतात, म्हणून जरा थांबून वाचा.

बिटकॉइनच्या मुख्य साखळीवर (ब्लॉकचेनवर) छोटी देणगी देऊ नका. वरचा हिशोब त्यासाठीच मांडला. आमचा ढोबळ नियम असा: देणगी त्या दिवशीच्या फीच्या किमान वीसपट असावी. फीचा दर मेमपूल डॉट स्पेस या संकेतस्थळावर कधीही दिसतो. घाई नसेल तर दर उतरेपर्यंत थांबा. दर २ सतोशीवर असताना तोच व्यवहार २८० सतोशीत, म्हणजे २२-२३ रुपयांत होतो. गर्दी किती चढू शकते याचा अंदाज हवा असेल तर २० एप्रिल २०२४ चा दिवस आठवा: हाविंग (नव्या बिटकॉइनची निर्मिती निम्मी होण्याचा टप्पा) आणि बिटकॉइनवरचे रून्स हे नवे टोकन एकाच वेळी आले आणि सरासरी फी एका व्यवहारामागे सव्वाशे डॉलरच्या वर गेली. दर महिन्याला शंभर रुपये देण्यापेक्षा वर्षातून एकदा बाराशे द्या. दानपेटीतली चिल्लर मोजायला माणूस बसवावा लागतो, तसंच हे आहे.

छोट्या रकमांसाठी लायटनिंग हे बिटकॉइनवरच उभं असलेलं नेटवर्क आहे. त्याचा पत्ता ईमेलसारखा दिसतो, पैसे काही सेकंदांत पोचतात आणि फी बहुतेक वेळा मोजक्या सतोशींची. पण स्वतःचं लायटनिंग वॉलेट पहिल्यांदा भरताना चॅनेल (पैसे फिरवायची वाट) उघडण्याचा खर्च मुख्य साखळीवर होतो. एकदाच द्यायचं असेल तर तो परवडत नाही, वारंवार देणार असाल तर वसूल होतो.

इथेरियम या दुसऱ्या साखळीवर साध्या व्यवहाराला २१,००० गॅस (कामाचं माप) लागतो. दर १० ग्वेई (ईथरचा अब्जावा भाग) असेल तर फी ०.०००२१ ईथर, म्हणजे इथेरियमचं स्वतःचं नाणं. यूएसडीसी, यूएसडीटीसारखं डॉलरच्या भावाशी बांधलेलं टोकन पाठवायला त्याच्या दुप्पट-तिप्पट गॅस लागतो, आणि ती फी टोकनमध्ये नाही, ईथरमध्येच द्यावी लागते. वॉलेटमध्ये पाच हजारांचे यूएसडीसी आहेत पण ईथर शून्य, म्हणून बटण दाबलं जात नाही, हा प्रसंग हमखास येतो. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस या इथेरियमवर उभ्या असलेल्या दुसऱ्या थरांवरची फी मार्च २०२४ मधल्या डेनकुन सुधारणेनंतर बरीच उतरली. प्रकल्प तिथे देणगी घेत असेल तर छोट्या रकमेसाठी तो उत्तम पर्याय. वीजवापराची टोचणी असेल तर इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी वीज खाणारं मायनिंगच सोडून दिलं आहे.

आता खरी मेख. इथेरियमचा ‘०एक्स’ने सुरू होणारा पत्ता आर्बिट्रमवरही तसाच दिसतो, म्हणून लोक समजतात की कुठेही पाठवलं तरी चालेल. पत्ता साध्या किल्लीचा असेल तर बहुधा चालतं. पण संस्था मल्टिसिग वापरते तेव्हा तो पत्ता म्हणजे एका साखळीवर बसवलेला करार, म्हणजे तिथे चालणारा प्रोग्रॅम (स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट) असतो. दुसऱ्या साखळीवर त्याच पत्त्यावर काहीच नसतं. २०२२ मध्ये ऑप्टिमिझमचे २ कोटी टोकन नेमके असेच एका मल्टिसिग पत्त्यावर गेले. तो करार ऑप्टिमिझमवर अजून बसवलेलाच नव्हता, आणि दुसऱ्याच कुणीतरी तिथे आधी करार बसवून टोकन ताब्यात घेतले. चुकलेली मंडळी नवखी नव्हती. तेव्हा देणगीच्या पानावर ज्या साखळीचं नाव आहे, त्याच साखळीवर पाठवा.

उगाच आपल्या आवडीचं, कुणी घेत नाही असं टोकन देऊ नका. ते विकायला मेंटेनरला एक संध्याकाळ घालवावी लागते.

खरेदी

भारतात राहत असाल तर एफआययूकडे (केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरूनच घ्या. टेलिग्रामवर कुणी ‘स्वस्तात यूएसडीटी’ देतो म्हणाला की लांबूनच नमस्कार करा. त्या व्यवहारातला पैसा फसवणुकीचा निघाला तर सायबर पोलिसांच्या पत्रावर तुमचं बँक खातं गोठतं, आणि ते सोडवण्यात महिने जातात.

खातं उघडण्याआधी तीन गोष्टी बघा. त्या एक्स्चेंजवरून क्रिप्टो बाहेर काढता येतं का? काही ठिकाणी घेता-विकता येतं, पण काढता येत नाही, किंवा त्यासाठी वेगळी पडताळणी लागते. काढण्याची फी किती? ती बहुधा ठरावीक असते, त्या दिवशीच्या नेटवर्कच्या दराशी तिचा संबंध असेलच असं नाही. आणि कोणत्या साखळ्यांवर काढता येतं? प्रकल्प आर्बिट्रमवर घेतो आणि एक्स्चेंज फक्त इथेरियमवर पाठवतं, असं असेल तर आधीच कळलेलं बरं.

जे नाणं द्यायचं तेच थेट रुपयांत घ्या. आधी यूएसडीटी घेऊन मग बिटकॉइन केलं तर ती अदलाबदल आयकराच्या दृष्टीने हस्तांतर ठरते. टीडीएस आणि नफ्यातोट्याचा हिशोब विनाकारण मागे लागतो.

एक्स्चेंजवरून थेट देणगीच्या पत्त्यावर पाठवू नका. मधे स्वतःचं वॉलेट असू द्या. कारण तांत्रिक आहे. बरेच प्रकल्प बीटीसीपे सर्व्हर वापरतात. २०१७ पासून चालत आलेलं हे पैसे स्वीकारण्याचं सॉफ्टवेअर स्वतःही ओपन सोर्स आहे. ते प्रत्येक देणगीसाठी नवा पत्ता काढतं आणि त्याची मुदत सहसा १५ मिनिटांची असते. एक्स्चेंज मात्र पैसे काढण्याची विनंती तपासायला कधी दहा मिनिटं घेतं, कधी सहा तास. मुदत टळून आलेले पैसे हरवत नाहीत, पण पावती तयार होत नाही आणि कुणाला तरी हाताने जुळवणी करावी लागते. शिवाय पैसे काढताना समोरचा पत्ता कोणाचा आहे, हे एक्स्चेंज विचारतं. ‘माझंच वॉलेट’ हे उत्तर खरं आणि सोपं.

वॉलेट म्हणून बिटकॉइनसाठी संगणकावर स्पॅरो किंवा इलेक्ट्रम, मोबाइलवर ब्लूवॉलेट; इथेरियमसाठी मेटामास्क किंवा रॅबी. गुगलवर शोधून वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक करून वॉलेट उतरवू नका. खोटी वॉलेटं तिथेच पेरलेली असतात. वॉलेट परत मिळवून देणारी बारा किंवा चोवीस शब्दांची सीड फ्रेज कागदावर लिहा. फोटो नको, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवणं नको. देणगीसाठी वेगळं वॉलेट ठेवा. साखळीवरचे व्यवहार सगळ्यांना दिसतात, आणि बचतीच्या वॉलेटमधून पाचशे रुपये दिलेत तर मागे किती आहे तेही उघडं पडतं.

पत्ता खरा आहे कशावरून

टंकलेखनाच्या चुकीची फारशी भीती नाही. ‘बीसी१’ने सुरू होणाऱ्या बिटकॉइन पत्त्यात चार अक्षरांपर्यंतची चूक हमखास पकडली जाते, इथेरियमच्या पत्त्यातली लहान-मोठी अक्षरंही त्याचसाठी असतात. भीती आहे ती जाणूनबुजून बदललेल्या पत्त्याची. तो प्रकार तीन वाटांनी येतो.

पहिली वाट नकली भांडाराची. प्रकल्पांचा कोड जिथे भांडारांत (रिपॉझिटरींत) ठेवलेला असतो त्या गिटहबवर मूळ प्रकल्पाची प्रत काढायची, नाव एका अक्षराने बदलायचं आणि फंडिंग डॉट वायएमएल या फाइलमध्ये आपल्या देणगीच्या पानाची लिंक टाकायची. ‘स्पॉन्सर’ बटण त्याच फाइलवरून दिसतं. म्हणून पत्ता दोन ठिकाणी जुळवा: प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आणि मूळ भांडारात. तिथली रीडमी ही माहितीची फाइल उघडून ‘ब्लेम’ दाबा, म्हणजे कोणती ओळ कोणी, कधी बदलली ते दिसतं. पत्त्याची ओळ तीन वर्षांपूर्वी मुख्य मेंटेनरने टाकलेली असेल तर ठीक. गेल्या मंगळवारी अनोळखी खात्याने बदललेली असेल तर हात आखडता घ्या आणि इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची जाहीर शंका) उघडून विचारा.

दुसरी वाट तुमच्याच संगणकातली. कॉपी केलेला पत्ता पेस्ट होताना बदलून टाकणारे व्हायरस आहेत. पेस्ट केल्यावर पत्ता पुन्हा वाचा, आणि मधलीही पाच-सहा अक्षरं जुळवा. तिसरी वाट तुमच्या व्यवहारांच्या यादीतली: पहिली-शेवटची अक्षरं सारखी असलेल्या पत्त्यावरून कुणीतरी शून्य रकमेचा व्यवहार तुमच्या यादीत घुसवतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही यादीतून तोच उचलता. मे २०२४ मध्ये एका माणसाने असेच सुमारे ६.८ कोटी डॉलर चुकीच्या पत्त्यावर पाठवले. त्यातले बहुतेक नंतर परत आले, पण त्या भरवशावर राहू नये. यादीतून पत्ता कधीच उचलायचा नाही, दर वेळी देणगीच्या पानावरूनच घ्यायचा.

पाठवताना

१. देणगीचं पान उघडा, साखळी आणि नाणं निवडा. बीटीसीपे असेल तर वॉलेट आधीच उघडून ठेवा, मग देणगीचं बिल (इनव्हॉइस) काढा.

२. क्यूआर कोड स्कॅन करा किंवा पत्ता पेस्ट करून वर सांगितल्याप्रमाणे जुळवा.

३. रक्कम आणि फी वेगवेगळी वाचा. वॉलेट ‘फी वजा करून पाठवा’ असं विचारत असेल तर बिल काढलेल्या देणगीत ते बंद ठेवा, नाहीतर बिलापेक्षा रक्कम कमी पडते.

४. रक्कम मोठी असेल तर आधी चाचणी म्हणून थोडी पाठवा. बिटकॉइनवर ही चाचणी फार बारीक नको: ठरावीक मर्यादेखालची रक्कम, पत्त्याच्या प्रकारानुसार २९४ ते ५४६ सतोशी, नेटवर्क पुढे ढकलतच नाही.

५. बिटकॉइनमध्ये ‘आरबीएफ’ चालू ठेवा. फी कमी पडून व्यवहार अडकला तर तीच रक्कम वाढीव फीने पुन्हा लावता येते. घाबरून दुसरी देणगी पाठवू नका.

६. व्यवहार क्रमांक जपून ठेवा. व्यवहार नोंदणारा बिटकॉइनचा ब्लॉक साधारण दहा मिनिटांनी एक येतो, पण पुढचा दोन मिनिटांत येईल किंवा चाळीस, ते नशीब. इथेरियमवर पहिली नोंद १२ सेकंदांच्या आसपास दिसते.

७. पावती हवी असेल तर संस्थेला ईमेल करा: तारीख, नाणं, रक्कम, व्यवहार क्रमांक. साखळीवर तुमचं नाव नसतं, त्यामुळे सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही. सोबत ‘आता माझा बग आधी सोडवा’ असं लिहू नका. त्यासाठी बाउंटीची, म्हणजे ठरावीक कामावर लावलेल्या बक्षिसाची, वेगळी सोय असते.

जिथे शंभर रुपयांनाही वजन असतं

छोट्या देणगीला मोल देणारी एक पद्धत आहे: क्वाड्रॅटिक फंडिंग. विटालिक बुटेरिन, झोई हिट्झिग आणि ग्लेन वाइल यांनी ती २०१८ मध्ये मांडली आणि गिटकॉइनने २०१९ पासून देणग्यांच्या फेऱ्यांमध्ये वापरली. प्रत्येक देणगीचं वर्गमूळ काढायचं, त्यांची बेरीज करायची, त्या बेरजेचा वर्ग करायचा. एकाने १,००० रुपये दिले तर उत्तर १,०००. दहा जणांनी १०० दिले तर वर्गमुळं दहा-दहा, बेरीज १००, वर्ग १०,०००. सामायिक निधीतली जोडरक्कम या आकड्यांच्या प्रमाणात वाटली जाते. म्हणून तुमचा आवडता प्रकल्प अशा फेरीत असेल तर एकट्याने मोठी रक्कम देण्यापेक्षा मित्रांना थोडं थोडं द्यायला सांगा. मात्र एकाच माणसाने दहा वॉलेटं काढून दिलं तर तो गैरप्रकार आहे. तो पकडायला ओळख पटवण्याची अट असते, आणि पकडलेल्या देणग्या जोडरकमेतून वगळल्या जातात.

कर: भारतात ताजं द्या, अमेरिकेत जुनं

भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर ४ टक्के उपकर आहे. खरेदीची किंमत सोडून कोणताही खर्च वजा होत नाही, एकातला तोटा दुसऱ्यात वळता होत नाही. १ जुलै २०२२ पासून हस्तांतराच्या मोबदल्यावर १ टक्का टीडीएसही आहे. देणगीत मोबदला मिळत नाही, तरी भाव वाढलेलं जुनं नाणं दिल्यास हिशोब कसा धरायचा, ते सीएला विचारूनच ठरवा. सोपा मार्ग म्हणजे आज घ्या, आजच पाठवा. नफाच नाही तर वादही नाही. देणगीवरची ८०जीची करसूट मात्र विसरा. ती रोख-बँकेतल्या पैशांच्या देणगीला आहे, वस्तूरूपातल्या नाही, आणि परदेशी संस्थेला तर नाहीच.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी गणित नेमकं उलटं. तिथे क्रिप्टो ही मालमत्ता. वर्षाहून जास्त काळ ठेवलेलं, भाव वाढलेलं नाणं ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय, संस्थेला थेट दिलं तर वाढीवर कर नाही आणि बाजारभावाइतकी वजावट मागता येते. विकून डॉलर दिलेत तर कर भरूनच द्याल. ५०० डॉलरच्या वर फॉर्म ८२८३ लागतो, ५,००० च्या वर मान्यताप्राप्त मूल्यांकन. संस्थेचा प्रकार नीट वाचा: प्रकल्पांचा निधी सांभाळणारी ओपन सोर्स कलेक्टिव्ह ही संस्था ५०१(सी)(६), म्हणजे व्यावसायिक संघटनेच्या प्रकारची आहे, तिथल्या देणगीवर वजावट मिळत नाही.

घेणारा भारतात असेल तर आणखी एक पायरी. वर्षभरात नातेवाइकांखेरीज इतरांकडून भेट म्हणून आलेलं क्रिप्टो ५० हजार रुपयांच्या वर गेलं की घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं, आणि नंतर विकताना झालेल्या वाढीवर पुन्हा ३० टक्के. कामाचा मोबदला ठरला तर पहिल्या रुपयापासून. प्रकल्प एखाद्या भारतीय ट्रस्टचा किंवा सोसायटीचा असेल आणि तुम्ही परदेशी नागरिक असाल, तर क्रिप्टो पाठवूच नका. परदेशी देणगीला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. वॉलेटमध्ये आलेली देणगी त्या ट्रस्टला अडचणीत आणेल. अशा वेळी मेंटेनरला सरळ विचारा, कशात देऊ? पुष्कळदा उत्तर येतं की सर्व्हरचं बिल परस्पर भरा, किंवा डोमेनचं नूतनीकरण करून द्या.